हरवलेले आणि परत मिळवलेले जग : अलेक्झांडर लूरिया यांचे जीवन व कार्य

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह माझ्या घरी आले, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा संतवाङ्मय, नाट्यपरंपरा, फार तर बडोद्याचा वाङ्मयीन इतिहास, असा काही विषय मी सुचवीन असे त्यांना वाटले असावे. मी अलेक्झांडर लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाचे नाव सांगितले, तेव्हा ते क्षणभर थबकले आणि मोठ्या सौजन्याने म्हणाले, ‘‘सर, विषय जरा दूरचा नाही का होत?’’

विषय दूरचा आहे, हे मी मान्य करतो. मी वैद्यकाचा किंवा मानसशास्त्राचा अभ्यासक नाही, हेही आरंभीच कबूल करतो. परंतु वाचता येणे म्हणजे काय, लिहिता येणे म्हणजे काय आणि ते हरवले तर माणसाचे काय उरते, या प्रश्नांचा ज्याने आयुष्यभर पाठपुरावा केला, तो माणूस ग्रंथालयाला परका असूच शकत नाही. शिवाय या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती कारणाने. ते कारण मी शेवटी सांगेन. आधी लूरियांची ओळख करून घेऊ.

अलेक्झांडर रोमानोविच लूरिया यांचा जन्म १६ जुलै १९०२ रोजी व्होल्गाकाठच्या कझान या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील नामांकित वैद्य आणि आई दंतवैद्य. घरात विद्येचे वातावरण होते. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी या भाषांशी त्यांचा लहान वयातच परिचय झाला. १९१७ची क्रांती झाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. जुनी घडी मोडली होती, नवी बसायची होती, आणि अशा काळात तरुणांना सर्वच शक्य वाटू लागते. सोळाव्या वर्षी विद्यापीठात गेलेला हा मुलगा १९२१मध्ये पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने कझानमध्ये मनोविश्लेषणाचे एक मंडळ स्थापन केले. त्या मंडळाची वार्ता त्याने थेट व्हिएन्नाला फ्रॉइड यांना कळवली आणि फ्रॉइड यांचे उत्तरही आले. विशीतल्या तरुणाला एवढ्याने आकाश ठेंगणे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

१९२३मध्ये मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेने त्यांना बोलावून घेतले. परंतु त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते जानेवारी १९२४मध्ये, लेनिनग्राड येथील एका परिषदेत. तिथे गोमेल नावाच्या आडगावाहून आलेला एक शिक्षक निबंध वाचायला उभा राहिला. वय सत्तावीस. त्याच्या हातात एक कागद होता. पण तो कागद कोरा होता, असे लूरियांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. हा शिक्षक म्हणजे लेव्ह विगोत्स्की. लूरियांच्या आग्रहामुळे विगोत्स्की मॉस्कोला आले, आणि लिओंतेव यांच्यासह या तिघांनी मानसशास्त्राची नवी मांडणी सुरू केली.

या मांडणीचे सूत्र आपल्यासारख्या ग्रंथप्रेमींना समजायला अवघड नाही. माणसाचे मन केवळ कवटीच्या आत घडत नाही. ते समाजात, भाषेत आणि माणसाने निर्माण केलेल्या साधनांत घडते. लक्षात राहावे म्हणून आपण उपरण्याला गाठ मारतो, वहीत नोंद करतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो. त्या क्षणी स्मरणाचे काम मेंदूने बाहेरच्या खुणेवर सोपवलेले असते, आणि ती खूण पुन्हा मेंदूचेच काम बदलून टाकते. मूल आधी इतरांशी बोलते; मग मोठ्याने स्वतःशी बोलते; आणि शेवटी तेच बोलणे आत वळून त्याचा विचार होते. एकदा हे मान्य केले की भाषा हा विचारांचा निव्वळ पोशाख राहत नाही. विचार घडवणारे ते हत्यार ठरते.

हे तत्त्व पडताळून पाहण्यासाठी १९३१ आणि १९३२ या वर्षी लूरिया मध्य आशियात, उझबेकिस्तानच्या खेड्यापाड्यांत गेले. तिथे त्या वेळी एक विलक्षण प्रयोग आपोआपच चालू होता. एकाच गावात कधीही शाळा न पाहिलेले शेतकरी होते, पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि नुकतेच साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागलेले तरुणही होते. लूरिया त्यांच्याबरोबर चहा पीत, गप्पा मारत आणि गप्पांच्या ओघात कोडी घालत. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत वेगळे कोणते, असे विचारले की शाळेत गेलेला तरुण ओंडका बाजूला काढी. बाकीची तिन्ही हत्यारे, असे त्याचे म्हणणे. निरक्षर शेतकऱ्याला हे पटत नसे. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करायचे काय, असा त्याचा सवाल असे. दुसरे कोडे असे की दूर उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक ठिकाण तशा प्रदेशात आहे. तर तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? यावर शेतकऱ्याचे उत्तर साधारणपणे असे असे की मी तिकडे गेलेलो नाही, जो जाऊन आला असेल त्याला विचारा.

आपण हसलात. पण या हसण्यात एक धोका आहे आणि लूरियांच्या टीकाकारांनी त्यावरच बोट ठेवले. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलणार नाही, असे म्हणणारा माणूस अडाणी की प्रामाणिक? आपल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. पण शेत, जाते, सुगरणीचा खोपा यांतून त्यांनी जीवनाविषयी जे सांगितले, त्याला अमूर्त चिंतन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? माझ्या मते लूरियांचे निरीक्षण खरे होते. त्याचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. शाळा माणसाला विचार करायला शिकवते असे नव्हे. शब्दांतूनच दिलेल्या माहितीवर, अनुभव बाजूला ठेवून विचार करण्याची एक विशिष्ट रीत ती शिकवते. लूरियांचे अमेरिकन शिष्य मायकेल कोल यांनी सिल्व्हिया स्क्रिबनर यांच्यासह लायबेरियातील वाई लोकांमध्ये अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८१मध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ अक्षरओळखीने असे बदल सरसकट होत नाहीत, शालेय शिक्षणाचा वाटा त्यात मोठा असतो, असे त्यांना आढळले.

आपल्या बडोद्याला हा मुद्दा जवळचा वाटावा. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो संस्थानभर नेला. पण अक्षर शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक पडले नाही तर अक्षर विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. शाळेपाठोपाठ ग्रंथालय हवे, हे सूत्र ज्या भूमीत रुजले, त्याच भूमीत आपली ही संस्था शंभर वर्षे उभी आहे.

लूरियांना मात्र या संशोधनाची किंमत मोजावी लागली. सोव्हिएत प्रजासत्ताकांतील लोकांना ते कमी लेखतात, असा आरोप त्यांच्यावर झाला. हाती आलेली सामग्री चाळीसेक वर्षे कपाटात पडून राहिली आणि पुस्तकरूपाने ती १९७४मध्ये बाहेर आली. दरम्यान ११ जून १९३४ रोजी विगोत्स्की क्षयाने गेले. वय अवघे सदतीस. १९३६च्या सरकारी हुकुमानंतर त्यांचे ग्रंथही दोन दशके दडपले गेले. अशा वातावरणात मानसशास्त्राविषयी उघड बोलणे धोक्याचे झाले, तेव्हा लूरियांनी वाद घातला नाही. ते पुन्हा विद्यार्थी झाले. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पुरा अभ्यास केला आणि १९३७मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, ते डॉक्टर झाले. संकटात सापडलेल्या माणसाने वाट बदलावी, पण मुक्काम बदलू नये, याचे हे उदाहरण आहे. पुढे रुग्णांनाही त्यांनी हेच शिकवले.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळतो. मेंदू आणि मन यांच्या संबंधाविषयी त्या काळी दोन पक्ष होते. १८६१मध्ये फ्रान्समधील ब्रोका यांनी दाखवून दिले की मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली की माणसाची वाचा जाते. तेव्हापासून एका पक्षाने मेंदूचा नकाशाच काढायला घेतला : इथे वाचा, इथे वाचन, इथे लेखन, इथे आकडेमोड. जणू वाड्यातल्या खोल्याच. दुसरा पक्ष म्हणे की असे काही नाही, मेंदू सगळाच्या सगळा मिळून काम करतो. लूरियांनी तिसरी वाट काढली. वाचन किंवा लेखन ही एका खोलीत राहणारी वस्तू नाही. ते अनेकांनी मिळून करायचे कार्य आहे. आपल्याकडच्या पंगतीचा दाखला घ्या. पंगत कुठे असते? आचाऱ्यात, वाढप्यांत, पाणक्यात की पाने मांडणाऱ्यांत? प्रत्येकाचे काम ठरलेले असते, पण पंगत एकट्या कुणाची नसते. आचारी आला नाही तर पंगत अडते आणि पाणक्या आला नाही तरी अडते. परंतु दोन्ही वेळी अडण्याची तऱ्हा वेगळी. म्हणून पंगत अडली एवढे सांगून भागत नाही. कशी अडली ते पाहावे लागते. रुग्णाला लिहिता येत नाही, एवढ्या नोंदीवर लूरिया कधीच समाधानी नसत. त्याचे लिहिणे कोणत्या पायरीवर अडते, हे ते तासन् तास बसून शोधत.

मेंदूच्या कामाचे त्यांनी तीन विभाग मानले. पहिला जागेपणा आणि तरतरी राखणारा. तो मेंदूच्या खोलवरच्या भागात असतो. दुसरा डोळे, कान, स्पर्श यांतून येणारी माहिती घेणारा, तिची छाननी आणि साठवण करणारा. तो मागच्या बाजूला. तिसरा बेत आखणारा, तो पार पाडणारा आणि झालेल्या चुका तपासणारा. तो पुढच्या बाजूला, कपाळामागे. साधी चिठ्ठी लिहायची झाली तरी तिघांची हजेरी लागते. लिहिण्यात कानाचा आणि जिभेचाही वाटा असतो, हे सांगताना लूरिया एका प्रयोगाचा दाखला देत. लिहायला नुकतीच शिकलेली मुले शब्द ओठांत पुटपुटत लिहितात. त्यांना जीभ दातांत धरून लिहायला सांगितले तर त्यांच्या चुका एकदम वाढतात. आपली देवनागरी तर उच्चाराच्या अगदी जवळची लिपी. पहिलीच्या वर्गात पाटीवर वाकून पुटपुटणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना ‘गप्प बसून लिहा’ असे दटावणाऱ्या आपल्या सर्वांनाच या प्रयोगाने विचारात पाडावे.

दुसऱ्या महायुद्धात १९४१मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली आणि डोक्याला गोळ्या लागलेले तरुण सैनिक शेकड्यांनी येऊ लागले. दक्षिण उरल पर्वतातील किसेगाच या ठिकाणी चारशे खाटांचे रुग्णालय उभारण्याचे काम लूरियांकडे आले. आजच्यासारखी मेंदूची छायाचित्रे घेणारी यंत्रे तेव्हा नव्हती. हाताशी होते ते कागद, पेन्सिल, चित्रांचे पत्ते आणि अपार चिकाटी. न्यूरोसायकॉलॉजी म्हणून आज जी विद्याशाखा जगभर शिकवली जाते, तिचा एक भक्कम पाया या रुग्णालयात घातला गेला.

तिथल्या उपचारांचे सूत्र एका जुन्या अनुभवात सापडते. कंपवाताच्या रुग्णांना सपाट जमिनीवर दोन पावले टाकणे अशक्य होई. पण तेच रुग्ण जिना मात्र सहज चढत. विगोत्स्कींनी जमिनीवर थोड्या थोड्या अंतराने कागदाचे तुकडे मांडले आणि रुग्णाला एकेक तुकडा ओलांडायला सांगितले. रुग्ण चालू लागला. आपोआप चालण्याची वाट बंद झाली होती. पाहून, ठरवून, पाऊल उचलण्याची वाट उघडी होती. मेलेली पेशी जिवंत होत नाही, पण हरवलेले कार्य दुसऱ्या वाटेने परत आणता येते. लूरियांच्या सर्व पुनर्वसनाचे हेच बीज.

लूरियांच्या दोन छोट्या पुस्तकांविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. ‘उच्च मानसिक कार्ये आणि मेंदू’ या विषयावरील १९६२चा त्यांचा भारदस्त ग्रंथ तज्ज्ञांसाठी आहे. ही दोन पुस्तके मात्र कोणत्याही वाचकासाठी आहेत. आकडे आणि तक्ते यांच्यात जिवंत माणूस हरवू नये, शास्त्राने त्याची कथाही सांगावी, असे त्यांना वाटे. अशा शास्त्राला ते रोमँटिक शास्त्र म्हणत. अमेरिकेतील प्रसिद्ध वैद्य-लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी हीच परंपरा पुढे चालवली आणि लूरियांचे ऋण वारंवार मान्य केले.

पहिले पुस्तक १९६८चे. रशियन नावाचा अर्थ ‘मोठ्या स्मरणशक्तीविषयी छोटे पुस्तक’. त्याचा नायक शेरेशेव्स्की हा वार्ताहर. संपादकांनी दिलेल्या सूचना तो कधी लिहून घेत नसे आणि विसरतही नसे, म्हणून संपादकांनीच त्याला मानसशास्त्रज्ञांकडे धाडले. लूरियांनी सुमारे तीस वर्षे त्याचा अभ्यास केला. आकड्यांचे लांबलचक तक्ते, निरर्थक अक्षरे, न येणाऱ्या इटालियन भाषेतील दान्तेच्या काव्याच्या ओळी, सगळे तो एकदा ऐके आणि कित्येक वर्षांनंतरही जसेच्या तसे म्हणून दाखवी. प्रत्येक आवाजाला त्याच्या लेखी रंग होता, चव होती. यादी लक्षात ठेवताना तो मनातल्या मनात मॉस्कोच्या रस्त्यावरून फिरे आणि एकेक वस्तू दाराशी, खिडकीशी ठेवत जाई. एखादी वस्तू राहून गेलीच, तर ती विसरलेली नसे; पांढऱ्या भिंतीपुढे पांढरे अंडे ठेवल्यामुळे परतताना ते दिसलेले नसे, इतकेच!

आपल्याकडे पाठांतराला मोठी प्रतिष्ठा आहे. असा माणूस आपल्या दृष्टीने भाग्यवानच. पण लूरियांनी त्याचे दुःखही टिपले. त्याला कविता समजत नसे. शब्द आला की त्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राही, दुसरा शब्द आला की दुसरे चित्र, आणि या चित्रांच्या गर्दीत अर्थ हरवून जाई. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, कारण चेहरा क्षणोक्षणी बदलतो. नको असलेल्या आठवणी पुसाव्यात म्हणून त्याने त्या कागदावर लिहून जाळूनही पाहिल्या. राखेतही त्याला अक्षरे दिसली. अनेक धंदे करून शेवटी तो रंगमंचावर स्मरणशक्तीचे प्रयोग करणारा कलावंत झाला. साहित्याचा शिक्षक म्हणून मला या पुस्तकाने एक गोष्ट शिकवली. विसरणे हा स्मृतीचा केवळ दोष नाही. अर्थ लागण्यासाठी तपशील मागे पडावा लागतो.

दुसरे पुस्तक १९७१चे. इंग्रजी भाषांतराच्या नावात केवळ छिन्नविच्छिन्न झालेल्या जगाचा उल्लेख आहे. मूळ रशियन नावाचा अर्थ मात्र ‘हरवलेले आणि परत मिळालेले जग’ असा आहे. लेखकाचे हृदय मूळ नावात आहे.

लेव्ह झासेत्स्की हा तेवीस वर्षांचा हुशार तरुण, युद्धापूर्वी तंत्रशिक्षण घेणारा विद्यार्थी. २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या परिसरात त्याच्या डोक्यात, डाव्या बाजूला मागे, गोळी शिरली. जीव वाचला, पण जगाचे तुकडे झाले. उजवीकडचे अर्धे जग त्याला दिसेनासे झाले. स्वतःच्या गावात स्वतःचे घर सापडेना. अक्षरे परक्या लिपीतली वाटू लागली. आणि व्याकरण तुटले. ‘भाऊ’ म्हणजे काय ते त्याला कळे, ‘वडील’ म्हणजे काय तेही कळे. पण ‘भावाचे वडील’ आणि ‘वडिलांचा भाऊ’ यांतला फरक काही केल्या उलगडेना. हत्ती माशीपेक्षा मोठा की माशी हत्तीपेक्षा मोठी, यातले हत्ती आणि माशी दोघेही त्याच्या ओळखीचे होते. ओळखीचा नव्हता तो त्यांना जोडणारा संबंध. मी तीस वर्षे वर्गात षष्ठी विभक्ती शिकवतो आहे. ‘चा, ची, चे’ हे प्रत्यय फळ्यावर लिहिताना मुले जांभया देतात, आणि खरे सांगायचे तर मलाही उत्साह नसतो. झासेत्स्कीविषयी वाचल्यावर प्रथमच मला कळले की त्या एका ‘चा’मध्ये माणसाचा केवढा प्रपंच सामावला आहे.

तो नव्याने मुळाक्षरे शिकू लागला. एखादे अक्षर आठवेना तेव्हा तो वर्णमाला पहिल्यापासून म्हणत त्या अक्षरापर्यंत येई. आपण ‘द’ आठवण्यासाठी ‘क, ख, ग’पासून सुरुवात करावी तसे. लिहिणे तर त्याहून कठीण. एकेक अक्षर जुळवता जुळेना. एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितले की अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता शब्द एका दमात लिहून टाक. आणि हात लिहू लागला! जी वाट डोळ्यांनी बंद झाली होती, ती हाताच्या जुन्या सवयीने उघडली. मात्र लिहिलेले त्याचे त्यालाच वाचता येत नव्हते. वाचायचे तर एकेक अक्षर लावत बसावे लागे. तरीही तो लिहीत राहिला. कधी कधी दिवसभराच्या धडपडीनंतर अर्धे पान होई. सुमारे पंचवीस वर्षांत त्याने तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली. त्या लेखनाला त्याने दिलेल्या एका नावाचा आशय ‘मी झुंज चालूच ठेवीन’ असा होता. कशासाठी लिहायचे? पुस्तक छापून यावे म्हणून नव्हे. लिहिता लिहिता तुकडे जुळतील, आपण कोण होतो ते सापडेल, एवढ्यासाठी. लूरियांनी पुस्तक रचताना त्याच्या मजकुराला पुढे जागा दिली आणि स्वतः समजावून सांगणाऱ्याची भूमिका घेतली. रुग्णाचा असा मान राखणारे लेखक फार थोडे.

लूरियांच्या पुढच्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगतो. १९५०नंतर सोव्हिएत विज्ञानात पुन्हा एकदा कर्मठपणाची लाट आली आणि मॉस्कोच्या ज्या मेंदूशस्त्रक्रिया संस्थेत ते काम करत होते, तिथली त्यांची जागा गेली. काही वर्षे त्यांनी मतिमंद मुलांच्या शिक्षणसंस्थेत काम केले. दशकाच्या अखेरीस ते परत आले, आणि पुढची जवळपास वीस वर्षे त्यांच्या लेखनाचा बहराचा काळ ठरली. व्हिसारियॉन शेबालिन या संगीतकाराची वाचा पक्षाघाताने हिरावली होती. तशा अवस्थेतही त्याने आपली पाचवी सिम्फनी पूर्ण केली, हे लूरियांनी सहकाऱ्यांसह १९६५मध्ये जगापुढे मांडले. शब्द गेले तरी संगीत राहू शकते, याचा तो लखलखीत पुरावा. १४ ऑगस्ट १९७७ रोजी मॉस्को येथे लूरियांचे निधन झाले. ज्यांच्याशी त्यांनी १९३३मध्ये विवाह केला त्या लाना, स्वतः जीवशास्त्रज्ञ, काही महिन्यांतच त्यांच्यामागोमाग गेल्या.

लूरिया वीरपुरुष नव्हते. राजसत्तेशी त्यांनी टक्कर घेतली नाही. गरज पडली तेव्हा मान तुकवली, अधिकृत परिभाषा वापरली. दुरून त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी मित्राचे ग्रंथ जपले, संधी मिळताच ते प्रकाशात आणले आणि कोणत्याही राजवटीत रुग्णाकडे पाठ फिरवली नाही. मला तेवढे पुरे वाटते.

आता ते घरगुती कारण.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि या ग्रंथालयाचे चाळीस वर्षांचे सभासद होते. १९९६च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ‘हो’ आणि ‘अगं’ एवढे दोनच शब्द उरले; पाणी हवे असले तरी ‘अगं’ आणि नको असले तरी ‘अगं’. पण संध्याकाळी आई देवापाशी आरती म्हणू लागली की तेही म्हणू लागत, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चुकत नसत! आरती म्हणता येते आणि पाणी मागता येत नाही, हे आम्हाला समजेना. एका नातेवाइकांनी तर ते सोंग करतात असेही बोलून दाखवले. वर्तमानपत्र ते डाव्या हातात धरून बसत. कधी कधी ते उलटेही असे. आम्हाला ते पाहवेना. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना शिणवू नका. आम्ही वर्तमानपत्र त्यांच्यासमोरून काढून घेतले.

त्या काळी या ग्रंथालयाचे एक वृद्ध सेवक दर आठवड्याला घरी पुस्तक आणून देत. वडील आजारी पडल्यावरही त्यांनी येणे सोडले नाही. पुस्तक वडिलांच्या मांडीवर ठेवत, नाव मोठ्याने वाचत, आणि वडील त्या नावावरून बोट फिरवत. आम्हीच त्यांना सांगितले, आता पुस्तके आणू नका, उपयोग नाही. दीड वर्षाने वडील गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी वडिलांचे सभासदत्व बंद करायला इथे आलो. ग्रंथपालांनी चौकशी केली आणि आतून एक इंग्रजी पुस्तक आणून माझ्या हाती दिले. ते झासेत्स्कीचे पुस्तक होते. रात्री वाचायला घेतले ते पहाटे संपले. पाठ असलेले म्हणणे आणि ठरवून बोलणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे मला त्यातून आणि पुढच्या वाचनातून कळले. वडील सोंग करत नव्हते. त्यांची एक वाट बंद झाली होती आणि दुसरी उघडी होती. नावावरून फिरणारे ते बोट कदाचित तिसरी वाट शोधत असेल. ते पूर्वीसारखे वाचू लागले असते, असा माझा दावा नाही. प्रत्येक इजा वेगळी असते आणि मी डॉक्टर नाही. पण वाट शोधण्याआधीच आम्ही पुस्तक काढून घेतले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या वृद्ध सेवकांनी लूरियांचे नावही ऐकले नसेल, त्यांना जे कळले होते, ते घरातल्या आम्हा शिकलेल्यांना कळले नाही.

श्रोतेहो, शताब्दीच्या निमित्ताने संस्थेच्या विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. आपल्या सभासदांच्या यादीत अशी कितीतरी नावे आहेत, जी हल्ली इकडे फिरकत नाहीत. कुणाची दृष्टी गेली आहे, कुणाचा हात कापतो, कुणाची वाचा गेली आहे. आठवड्यातून एक तास त्यांच्या घरी जाऊन मोठ्याने वाचणारे दहा स्वयंसेवक आपल्याला मिळू नयेत का? आपल्या घरांतली नातवंडे मराठी बोलतात. पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मराठी पुस्तक त्यांच्यापैकी अनेकांना अडखळत वाचावे लागते. त्यांनाही आजोबांना वाचून दाखवण्याच्या निमित्ताने ही वाट सापडेल. ऐकणाऱ्याला शब्द मिळेल, वाचणाऱ्याला लिपी मिळेल. या उपक्रमासाठी पहिले नाव माझे लिहून घ्यावे. शनिवारची संध्याकाळ मला सोयीची आहे.

आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांना हात जोडून एवढेच सांगतो : त्यांच्या हातातले पुस्तक उलटे असले तरी काढून घेऊ नका. सुलटे करून द्या आणि जवळ बसा.